मनाच्या कामासाठी वस्तीतली माणसं कशी तयार करायची: पहिल्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत

गेल्या काही महिन्यांत मला तीन-चार संस्थांमधून फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आमच्याकडे बचत गटाच्या बायका आहेत, बालवाडीच्या ताया आहेत, त्यांना मेंटल हेल्थचं ट्रेनिंग द्यायचंय, दोन दिवसांचं वर्कशॉप घ्याल का. मी दरवेळी नाही म्हणते आणि मग तासभर फोनवर तेच तेच सांगत बसते, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी मुंबईत पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये हे काम करते, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, तुमच्याकडे थोडाफार फरक असेल तो तुम्ही करून घ्या.

दोन दिवसांच्या वर्कशॉपने, किंवा अगदी वीस दिवसांच्या ट्रेनिंगनेही, नवीन भूमिका तयार होत नाही. ती तयार होते तिचं काम काय आणि काय नाही हे आधी कागदावर ठरवल्याने, आणि नंतर दर आठवड्याला कुणीतरी जाणतं माणूस तिच्याबरोबर बसल्याने. ट्रेनिंग हा यातला सगळ्यात छोटा तुकडा आहे, पण पैसे आणि फोटो सगळे त्याच्यावरच जातात. हे मी स्वतः करून बसलेय. आधीच्या एका संस्थेत आम्ही पंधरा जणींना शिकवलं, सर्टिफिकेटं दिली, आणि सहा महिन्यांनी चौघीच उरल्या. बाकीच्यांना कळतच नव्हतं की समोरची बाई रडायला लागली की पुढे काय करायचं, आणि विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी लोकांच्या घरी जाणंच बंद केलं. त्यांची चूक नव्हती.

गरज का आहे हे फार सांगत बसत नाही. देशात एक लाख लोकांमागे एक सायकिअ‍ॅट्रिस्टसुद्धा नाही, साधारण पाऊण पडतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मुंबईत तुम्ही म्हणाल केईएम आहे, नायर आहे, सायन आहे, कूपर आहे. आहेत, आणि चांगले डॉक्टर आहेत. पण मानखुर्दच्या बाईला केसपेपर काढायला सकाळी लवकर निघायचं तर पाण्याची वेळ चुकते, घरकामाची एक दांडी पडते, आणि तिथे जाऊन काय सांगायचं हे तिला माहीत नसतं, ती म्हणणार डोकं दुखतं. मधला माणूस लागतो तो इथे.

आधी महिनाभर फक्त बघा

पहिला महिना कुणालाही निवडू नका, काही शिकवू नका. वही घेऊन वस्तीत फिरा आणि त्रास झाला की लोक आत्ता कुठे जातात ते लिहा. कोपऱ्यावरचा क्लिनिकवाला डॉक्टर, मेडिकल स्टोअर, बाबा, देऊळ, दर्गा, माहेर, मंडळाचा कार्यकर्ता. यातल्या प्रत्येकाशी बोला. बाबाशीसुद्धा, भांडायला नाही हां, त्याच्याकडे कोण येतं ते समजून घ्यायला. आमच्या भागात सगळ्यात जास्त माहिती निघाली मेडिकल स्टोअरवाल्याकडून, झोपेच्या गोळ्या मागायला कोण येतं हे त्याला पाठ असतं. नावं तो सांगत नाही आणि आपण विचारूही नये, पण साधारण कुठल्या गल्ल्या, कुठल्या वयाचे लोक, हे कळतं.

याच महिन्यात शब्द गोळा करा. डिप्रेशन हा शब्द वस्तीत कुणी वापरत नाही, आणि वापरला तर चिडवायला. लोक म्हणतात टेन्शन आलंय, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, डोक्यात सारखं चालू असतं, हातापायातला जीव गेल्यासारखं वाटतं, बाहेरचं काहीतरी झालंय. झिम्बाब्वेमध्ये फ्रेंडशिप बेंच म्हणून काम आहे, २००६ मध्ये हरारेत १४ आज्ज्यांपासून सुरू झालेलं, तिथेही त्यांनी डिप्रेशन शब्द बाजूला ठेवला आणि लोकांचा स्वतःचा, खूप विचार करणं अशा अर्थाचा शब्द घेतला. आपल्याकडे तो शब्द तयारच आहे, डोक्यात सारखं चालू असतं.

तिसरं काम म्हणजे जवळच्या हॉस्पिटलात स्वतः जा, पेशंटसारखे. कुठल्या वारी ओपीडी असते, किती वाजेपर्यंत केसपेपर मिळतो, खोली कुठल्या मजल्यावर, गोळ्या एका वेळी किती दिवसांच्या देतात, सोशल वर्कर कुठे बसते. तिचं नाव विचारून ओळख करून घ्या. हे एक पान पुढे सोन्यासारखं वापरलं जातं.

भूमिका एका पानावर लिहा, आणि "हे करणार नाही" आधी लिहा

आमच्या पानावर डाव्या बाजूला काय लिहिलंय ते सांगते. आजाराला नाव देणार नाही. गोळी सुरू कर, बंद कर, कमी कर असं काहीही सांगणार नाही. नवरा-बायकोत निवाडा करणार नाही. पैसे देणार-घेणार नाही. कुणाला जबरदस्तीने कुठे नेणार नाही. एकाच घरातल्या दोन माणसांची गुपितं इकडून तिकडे नेणार नाही. उजवी बाजू त्यामानाने सोपी: ओळखणं, ऐकून घेणं, ठरलेल्या पाच-सहा भेटींची साधी पद्धत वापरणं, गरज असेल त्याला हॉस्पिटलात सोबत नेणं, गोळ्या चालू राहतायत का बघणं, आणि जिथे आपलं काम संपतं तिथे वर सांगणं.

नाव ठेवताना जपा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मेंटल हेल्थ प्रोफेशनल कुणाला म्हणायचं हे ठरलेलं आहे, त्यात सायकिअ‍ॅट्रिस्ट येतात, नोंदणी झालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, मेंटल हेल्थ नर्स येतात. आपल्या ताया त्यात येत नाहीत, म्हणून त्यांना थेरपिस्ट किंवा डॉक्टरीण असं काही होऊ देऊ नका. आम्ही नुसतं "सोबती" म्हणतो. एका ठिकाणी ओळखपत्रावर "मानसोपचार सहाय्यक" छापलं होतं, तर लोक त्या मुलीला बघून दार लावायला लागले, वेड्यांची बाई आली म्हणून. कार्ड बदललं, तीच मुलगी, दारं उघडली.

निवड करताना

शिक्षण बघा पण त्यात अडकू नका. गोव्यात संगात संस्थेने डिप्रेशनसाठी जो अभ्यास केला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला तो, त्यातले समुपदेशक या विषयातले शिकलेले नव्हतेच, साधे गावातले लोक होते. सहा ते आठ भेटींची पद्धत, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के लोकांचं डिप्रेशन उतरलं होतं, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. पण हे सांगताना लोक पुढचं सांगत नाहीत. त्या समुपदेशकांनी तीन आठवडे वर्गात ट्रेनिंग घेतलं आणि त्यानंतर सहा महिने शिकाऊ म्हणून खरे पेशंट बघितले. सहा महिने! आपण तिथेच काटकसर करतो.

इंटरव्ह्यूमध्ये आम्ही एकच गोष्ट करतो, नाटक. आमच्यातली एक जण शेजारीण होते आणि म्हणते, "काय सांगू ताई, हा रोज पिऊन येतो, मला आता नको झालंय सगळं." आणि मग गप्प बसते. आलेली बाई काय करते ते बघायचं. लगेच "सोडून दे त्याला" किंवा "माझ्या जावेचं पण असंच, तिने अमुक केलं" म्हणाली तर ती प्रेमळ असेल, पण या कामाला वेळ लागेल. "नको झालंय म्हणजे काय गं?" असं जिने विचारलं, किंवा जी नुसती शांत बसून राहिली, ती हवी. दुसरी गोष्ट वस्तीत हळूच विचारायची, हिच्या पोटात गोष्ट राहते का. चाळीत ही माहिती अर्ध्या तासात मिळते.

पुरुष सोबती शोधा, कितीही वेळ लागला तरी. रिक्षा स्टँडवर, नाक्यावर, व्यायामशाळेत बाई जाऊन काय बोलणार, आणि दारूचा, बेकारीचा, कर्जाचा ताण तिथेच साठलेला असतो.

आणि ज्यांनी स्वतः आजार भोगलाय त्यांना घ्या. ज्याने स्वतः स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या खाऊन परत नोकरी धरलीय तो घरच्यांना जे सांगू शकतो ते डॉक्टरलाही जमत नाही. पण त्याला पगार बाकीच्यांएवढाच द्या, आणि तब्येत बिघडली तर सुट्टी कशी मिळेल, परत कामावर कसं यायचं हे आधीच लिहून ठेवा. आणि त्याची गोष्ट दर कार्यक्रमात सांगायला लावू नका, ती त्याची आहे.

ट्रेनिंग

वेळ ठरवताना पाणी कधी येतं ते विचारा. खरंच. आम्ही पहिल्यांदा सकाळी दहा ठेवले आणि निम्म्या बायका साडेअकराला यायच्या, आम्ही चिडायचो. नंतर दुपारी एक ते चार केलं, रोज तीन तास, आठवड्यातले चार दिवस, पाच आठवडे. गणपतीत आणि मे महिन्यात ठेवूच नका.

काय शिकवायचं? पहिला पूर्ण आठवडा फक्त ऐकणं. जोड्या करून, एक बोलणार, दुसरीने पाच मिनिटं सल्ला द्यायचा नाही. बघायला सोपं वाटतं, पण माझ्या सगळ्या बॅचमध्ये रडारड याच आठवड्यात झालीय, कारण कितीतरी जणींचं पाच मिनिटं सलग कुणी ऐकलेलंच नसतं. या आठवड्यात ट्रेनर अनुभवीच हवा.

दुसऱ्या आठवड्यात ओळखणं. पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची लक्षणं विचारणारी नऊ प्रश्नांची यादी मराठीत आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, शून्य ते २७ गुण, आणि साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की पुढे नीट बघायला हवं. प्रश्नांचे शब्द बदलायचे नाहीत, पण प्रश्न समजावून कसा सांगायचा याची प्रॅक्टिस घ्या. आणि सांगून ठेवा की हा आकडा म्हणजे निदान नाही. थकवा, उदासपणा, झोपेची तक्रार हिमोग्लोबिन कमी असल्याने किंवा थायरॉईडनेही येते, त्यामुळे साधी रक्ततपासणी करायला पाठवणं हाही सोबतीच्या कामाचाच भाग. आमच्या इथे कितीजणींचं अर्धं टेन्शन रक्त वाढल्यावर हलकं झालं.

नंतरचे दोन आठवडे एकच पद्धत, दहा नाहीत. आम्ही तीच शिकवतो जी गोव्याच्या कामाच्या मुळाशी आहे: मन लागत नाही म्हणून माणूस हळूहळू सगळं सोडून देतो, आणि सोडून दिल्याने मन आणखी लागत नाही, हा गोल तोडायचा. मूड येण्याची वाट न बघता एक छोटं काम ठरवायचं, दिवस आणि वेळेसकट. "फिरायला जा" असं नाही. "मंगळवारी संध्याकाळी पाचला शेजारच्या काकूंबरोबर बाजारात जाऊन भाजी आणायची" असं. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच, जमलं का, नाही जमलं तर मध्ये काय आलं. जोडीला प्रश्न सोडवण्याची पद्धत, ज्यात सगळ्या अडचणी लिहायच्या आणि त्यातली एकच, हातातली निवडायची. जागतिक आरोग्य संघटनेची पाच भेटींची प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस नावाची पद्धत आहे, तीही बघून घ्या.

शेवटच्या आठवड्यात खऱ्या घरी, अनुभवी माणसाच्या मागे मागे. आणि जागेचा विचार इथे करा, कारण दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, मुलं, टीव्ही असताना कोण काय बोलणार. आमच्या सोबत्यांनी जागा शोधल्यात: बालवाडी सुटल्यानंतरची खोली, देवळामागचा ओटा, आणि सगळ्यात भारी म्हणजे चालता चालता, बाजारात जाताना दोघी पिशव्या घेऊन बोलतायत याकडे कुणी वळूनही बघत नाही.

जिवाच्या धोक्याची वेळ

हे ट्रेनिंगमध्ये एकदा शिकवून सोडायचं नाही, दर दोन महिन्यांनी परत घ्यायचं. सोबतीला स्पष्ट विचारता आलं पाहिजे: "ताई, कधी असं वाटतं का की जगूच नये? जीव द्यावा असा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात विचार येतो ही भीती सगळ्यांनाच असते, पण तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. तोंडातून हे वाक्य निघायलाच वीस वेळा सराव लागतो, तो करून घ्या.

हो म्हणाली तर पुढे काय हे भिंतीवर लावा. तिला एकटं सोडायचं नाही. घरात ज्याच्याने ती जीवाला अपाय करू शकेल अशा गोष्टी तिच्या हाताशी राहणार नाहीत हे घरातल्या विश्वासाच्या माणसाबरोबर बघायचं. सुपरवायझरला लगेच फोन, रात्री असो की रविवार. लगेचचा धोका असेल तर थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, वाटल्यास ११२. टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून, मराठीतही बोलतात, तो सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. आणि एक गोष्ट वस्तीत मुद्दाम सांगत राहा, की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेची भीती दाखवायची नाही, २०१७ चा कायदा म्हणतो की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं. हॉस्पिटलात पोलिसांची नोंद होते ती होते, पण केस होईल या भीतीने घरचे तासन्‌तास माणसाला घरात ठेवतात, आणि ते तास फार महाग पडतात.

गुप्तता कुठे संपते तेही पहिल्याच भेटीत सांगायचं. जिवाला धोका असेल तर मी एकटी पोटात ठेवणार नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे सोबतीने एकटीने काही ठरवायचं नाही, संस्थेने तिच्याबरोबर उभं राहायचं.

दर आठवड्याची बैठक

सगळं काही टाका पण ही टाकू नका. सहा ते आठ सोबतींमागे एक सुपरवायझर, आठवड्याला दोन तास, वार आणि वेळ पक्की. आमची गुरुवारी दुपारी असते, चहा आणि बिस्किटं असतात, आणि हजेरीपत्रक, रिपोर्ट, फंडरचे फॉर्म यातलं काहीही त्या दोन तासांत निघत नाही, त्याला दुसरा दिवस. हा नियम मोडला की बैठक महिन्याभरात हिशोबाची मीटिंग होते, मी होताना बघितलीय.

बैठकीत एक सोबती एका घराबद्दल सांगते, नाव न घेता. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग केलं असेल तर त्यातली दहा मिनिटं सगळ्या ऐकतात आणि प्रत्येक जण आधी काय चांगलं झालं ते सांगते, मग काय वेगळं करता आलं असतं. सोबतींनी एकमेकींचं काम असं तपासणं गोव्याच्या कामातही होतं, आणि मला यातून कळलं की बायका सुपरवायझरपेक्षा मैत्रिणीचं जास्त ऐकतात. सुरुवातीला सगळ्या म्हणतात छान झालं, छान झालं. तीन महिने लागतात खरं बोलायला. आमची एक सोबती एकदा म्हणाली, मला त्या घरी जायचं नाही, तिथला माणूस माझ्या बापासारखा ओरडतो. त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं, ते घर दुसरीला दिलं, आणि तिला त्याबद्दल एका शब्दाने कमी लेखलं नाही. असं बोलता येतं ती बैठक खरी.

सुपरवायझर कुठून आणायची? इथे प्रोफेशनल लागते, आठवड्याला दोन तास देणारी सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, आणि तिला मानधन द्या. दोन वर्षांनी जुन्या सोबतींमधूनच एखादी या जागी वाढवता येते, ती आमच्याकडे वाढली, दहावी शिकलेली आहे आणि माझ्यापेक्षा चांगली बैठक घेते.

आधीपासून असलेल्या माणसांचं काय

नवीन पद काढण्याआधी जुन्या पदात जागा आहे का बघा. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा केंद्र उभं केलं ते हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी, आणि त्यात हॉस्पिटलच्याच लोकांना तयार केलं गेलं, म्हणून ते हॉस्पिटलचं झालं. नाशिक जिल्ह्यात आत्मीयता नावाचं काम झालं, तिथे गावातल्याच लोकांनी शेजाऱ्यांना आधार द्यायचा अशी मांडणी होती. पण महापालिकेच्या आरोग्य सेविकेच्या डोक्यावर आधीच लसीकरण, टीबी, गरोदर बायका, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया. तिच्याकडून पाच भेटी मागू नका. तिला दोनच गोष्टी शिकवा, ओळखायचं कसं आणि कुणाला फोन करायचा. शाळेतले शिक्षक, क्लिनिकवाला डॉक्टर यांनाही एवढंच.

पैसे

मानधन दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, केसमागे नाही. केसमागे पैसे दिले की केस संपत नाहीत किंवा कागदावर वाढतात. रिचार्ज आणि प्रवासखर्च वेगळा. वर्षभराने पद वाढायचा रस्ता दाखवा: शिकाऊ, सोबती, जुनी सोबती, सुपरवायझर, आणि प्रत्येकाला थोडे तरी पैसे जास्त. नाहीतर चांगली बाई मॉलमध्ये जाते, आणि तिने जावंच.

मोजायचं थोडंच. किती लोक भेटले यापेक्षा किती जण तिसऱ्या भेटीला परत आले ते बघा, तो आकडा खरं सांगतो. पहिल्या आणि शेवटच्या भेटीतला पीएचक्यू-९. हॉस्पिटलात पाठवलेल्यांपैकी किती खरंच पोचले. गोळ्यांवर असलेल्यांचं एक कॅलेंडर ठेवा, कारण आमच्याकडे गोळ्या तुटतात त्या ठरावीक वेळी, गणपतीला आणि शिमग्याला लोक कोकणात जातात, मे महिन्यात गावी जातात आणि तिथे गोळी मिळत नाही. जायच्या दोन आठवडे आधी सोबतीने आठवण करायची, महिन्याच्या जास्तीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांशी बोलून घ्यायचं.

आणि सोबती नोकरी सोडणार असेल, लग्न होऊन जाणार असेल, बाळंतपणाला जाणार असेल तर महिनाभर आधी सांगायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण जिच्याजवळ माणसाने मन मोकळं केलं ती अचानक दिसेनाशी झाली की तो पुन्हा कुणाजवळ बोलत नाही. त्या महिन्यात नवी सोबती जुनीबरोबर प्रत्येक घरी दोनदा जाते, आधी नुसती बसते, दुसऱ्यांदा ती बोलते आणि जुनी गप्प बसते, आणि निघताना जुनी स्वतःच्या तोंडाने सांगते, काकू, पुढच्या बुधवारपासून मी नाही, ही येणार.